बिघाड लिनक्सचा की तारेचा?

नाशिक : मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साह्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले आणि घराघरांतील टेबलांवर वर्षानुवर्षे विनातक्रार चालत आलेले संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे ढोबळमानाने २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर या यादीत बसत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी सुरक्षा दुरुस्त्यांची वाढीव मुदत कंपनीने जाहीर केली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. यंत्र ठणठणीत, पण त्याच्यासाठी कार्यप्रणाली नाही, अशी ही अवस्था आहे.

अशोक स्तंभापासून केटीएचएम महाविद्यालयावरून आनंदवल्ली, सोमेश्वरकडे जाणारा गंगापूर रोड हा नाशिकच्या शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या मंडळींचा रस्ता. कुसुमाग्रज स्मारक याच रस्त्यावर, अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात आणि पुढे गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. मुलाच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशावेळी घेतलेला डेस्कटॉप, मुलगा नोकरीसाठी पुण्याला किंवा परदेशी गेल्यावर आई-वडिलांकडे राहिला, हे चित्र अशा वस्तीत नवे नाही. त्या डेस्कटॉपमध्ये सोसायटीचे हिशेब असतात, नातवंडांची छायाचित्रे असतात, कुणाच्या प्रबंधाची शेवटची प्रत असते. हा संगणक भंगारात द्यावा की त्यावर लिनक्स बसवून आणखी काही वर्षे वापरावा, हा प्रश्न आता केवळ संगणकप्रेमींचा राहिलेला नाही.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिहावयास घेतला. ऑक्टोबर २००४ मध्ये उबुंटू आले आणि सर्वसामान्यांच्या टेबलावर बसू शकेल अशा लिनक्सची खऱ्या अर्थाने सुरुवात झाली. उबुंटूच्या चकत्या टपालाने विनामूल्य घरपोच येत, तो काळ अनेकांना आठवत असेल. ती योजना २०११ मध्ये बंद झाली. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांना प्राधान्य देणारी लिनक्स आवृत्ती आणली. आज घरगुती वापरासाठी उबुंटू २४.०४ किंवा त्यावर आधारलेले लिनक्स मिंट २२ यांची शिफारस अधिक होते. दोन्ही विनामूल्य असून त्यांना २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत.

मात्र लिनक्स बसविल्यानंतर पहिल्याच आठवड्यात काहीतरी अडते. वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर गप्प बसतो किंवा घड्याळ भलतीच वेळ दाखविते. मग ‘लिनक्स काही खरे नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि सर्व काही पुसून नव्याने बसविण्याचा सपाटा सुरू होतो. संगणक अडला की ‘फॉरमॅट’ मारायचा ही सवय आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. लिनक्सच्या बाबतीत ती निरुपयोगी आहेच, शिवाय घातकही आहे. ज्या दोषाचे मूळ तारेत, सेलमध्ये किंवा हार्ड डिस्कमध्ये आहे, तो दोष दहा वेळा कार्यप्रणाली बसवूनही जात नाही. जातो तो आधीचा मजकूर.

आधी अर्धे करा

बिघाड शोधण्याची पद्धत घरातील वीज गेल्यावर आपण जे करतो तीच आहे. शेजारी दिवा आहे का, हे आधी पाहिले जाते. मग मीटर, मग फ्यूज आणि शेवटी बल्ब. प्रत्येक पायरीला संशयाचे क्षेत्र निम्मे होते. लिनक्समध्ये या कामासाठी एक उत्तम साधन आयते मिळते, ते म्हणजे ‘लाइव्ह’ पेन ड्राइव्ह. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स बसविले जाते, त्यावरूनच ते काहीही न बसविता चालविताही येते. हार्ड डिस्कला हात लागत नाही.

एखादी गोष्ट बसविलेल्या लिनक्समध्ये चालत नसेल, पण पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर चालत असेल, तर यंत्र निर्दोष आहे आणि चूक मांडणीत आहे. तीच गोष्ट दोन्हीकडे आणि विंडोजमध्येही चालत नसेल तर संगणकाचे झाकण उघडण्याची वेळ आली असे समजावे. विंडोजमध्ये चालते, पण लिनक्समध्ये दोन्हीकडे चालत नाही, असे झाल्यास ड्रायव्हरचा प्रश्न आहे. अर्ध्या तासाच्या या तपासणीने निम्म्याहून अधिक भ्रम दूर होतात. खरे तर ती लिनक्स बसविण्यापूर्वीच करावयास हवी. आवाज, वाय-फाय, प्रिंटर, पडद्याचा आकार हे सारे लाइव्ह अवस्थेत पाहून मगच हार्ड डिस्कला हात लावणे इष्ट.

दुसरे साधन म्हणजे यंत्राची स्वतःची नोंदवही. लिनक्स सुरू झाल्याच्या क्षणापासून कोणता भाग सापडला, कोणता रुसला, याची सविस्तर नोंद ठेवते. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा संपूर्ण नोंदवही दाखविते, तर ‘डीमेसेज’ ही आज्ञा गाभ्याने हार्डवेअरविषयी काय म्हटले तेवढेच सांगते. टर्मिनलच्या काळ्या खिडकीचा धाक वाटणाऱ्यांसाठी उबुंटूमध्ये ‘लॉग्ज’ नावाचे साधे उपयोजनही मिळते. तेथील भाषा रुक्ष असते, पण सगळे समजणे आवश्यक नसते. ज्या ओळीत ‘एरर’ किंवा ‘फेल्ड’ असा शब्द आहे, ती ओळ जशीच्या तशी टिपून घेतली तरी काम झाले. जाणकाराला दूरध्वनीवर ‘चालत नाही’ एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ म्हणण्यासारखे आहे. ती एक ओळ वाचून दाखविली की उत्तर निम्मे सापडते.

चार आण्याचा सेल

जुन्या डेस्कटॉपमधील सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराचा सेल. सीआर २०३२ या नावाने मिळणारा हा तीन व्होल्टचा सेल संगणक बंद असताना घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसमधील मांडणी जपण्यास मदत करतो. रात्री भिंतीवरील मुख्य बटण बंद करण्याची शिस्त ज्या घरांत आहे, तेथे हा सेल अधिक लवकर संपतो. सेल मेला की तारीख मागे जाते. तारीख चुकली की बँकेचे संकेतस्थळ उघडत नाही, कारण सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत ‘अद्याप सुरू झालेली नाही’ असे ब्राउझरला वाटते. नवे सॉफ्टवेअर उतरविणारी यंत्रणाही त्याच कारणाने नकार देते. वरकरणी हा इंटरनेटचा बिघाड दिसतो.

याहून फसवी गोष्ट पुढे आहे. सेल संपल्यावर बायोस मूळ मांडणीवर परतते. त्यात सुरुवात कोणत्या डिस्कपासून करायची, हा क्रम बदलतो. काही यंत्रांत साटा जोडणीची पद्धत ‘एएचसीआय’वरून ‘रेड’वर किंवा जुन्या ‘आयडीई’वर जाते. काल चालणारा संगणक सकाळी ‘डिस्क सापडत नाही’ म्हणतो, आणि हार्ड डिस्क गेली या समजुतीने नव्या डिस्कची खरेदी होते. लिनक्स बसविताना इन्स्टॉलरला डिस्क दिसलीच नाही, तर तेथेही पहिला संशय याच मांडणीवर घ्यावा. मात्र त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचे असेल, तर जाणकाराला विचारल्याशिवाय हा बदल करू नये; पद्धत बदलताच विंडोज सुरू होण्यास नकार देऊ शकते.

विंडोज आणि लिनक्स एकाच यंत्रावर शेजारी ठेवणाऱ्यांना घड्याळाचा आणखी एक चमत्कार दिसतो. वेळ नेमकी साडेपाच तासांनी चुकते. याला सेल जबाबदार नाही. लिनक्स यंत्रातील घड्याळात जागतिक प्रमाणवेळ लिहिते, विंडोज तेथे स्थानिक वेळ आहे असे धरून चालते आणि भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सकाळी दहा वाजता लिनक्समधून बाहेर पडून विंडोजमध्ये गेल्यास तेथे साडेचार वाजलेले असतात. ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने लिनक्सला स्थानिक वेळ लिहावयास सांगितले की हा गोंधळ मिटतो. अशा जोडघरांत आणखी एक पथ्य पाळावे. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय बंद ठेवावी, कारण तिच्यामुळे विंडोज पूर्णपणे बंद न होता अर्धनिद्रेत राहते आणि मग लिनक्सला त्या भागातील फायली वाचता येतात, पण बदलता येत नाहीत.

बाकी हार्डवेअरचे म्हणावे तर धूळ आणि सैल जोडण्या हे दोन शत्रू. संगणक सुरू न होता केवळ बीप वाजवीत असेल तर वीज काढून, रॅमच्या पट्ट्या काढून, त्यांचे सोनेरी टोक कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा घट्ट बसविणे, हा उपाय आजही सर्वाधिक यशस्वी ठरतो. मध्येच गोठणारे यंत्र रॅमच्या दोषाचे असू शकते. त्यासाठी ‘मेमटेस्ट’ रात्रभर चालवून पाहावा. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात लिनक्सचा पडदा काळा राहिल्यास घाबरू नये. सुरुवातीच्या यादीतील ‘सुरक्षित ग्राफिक्स’ हा पर्याय निवडून आत शिरता येते आणि मग ड्रायव्हर व्यवस्थापकातून योग्य ड्रायव्हर बसविता येतो. फार जुन्या कार्डांसाठी कंपनीचे ड्रायव्हर नव्या गाभ्यावर चालत नाहीत. तेथे मुक्तस्रोत ‘नूवो’ ड्रायव्हरवर समाधान मानावे, किंवा कार्ड काढून मदरबोर्डवरील ग्राफिक्स वापरावे. पत्रव्यवहार आणि चित्रपट पाहणे एवढ्यासाठी ते पुरेसे असते.

हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. तिच्याबाबत ‘पाहू पुढे’ हे धोरण महागात पडते. लिनक्स वारंवार अडखळत असेल आणि नोंदवहीत ‘आय-ओ एरर’ हे शब्द पुनःपुन्हा येत असतील, तर इतर सर्व दुरुस्त्या थांबवाव्यात. उबुंटू व मिंटमध्ये असलेले ‘डिस्क्स’ हे साधन उघडून ‘स्मार्ट’ अहवाल पाहावा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तीच ही. त्यात बदलून घेतलेल्या आणि दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल, तर डिस्कचे दिवस भरत आले आहेत. प्रथम साटाची तार बदलून पाहावी, ती स्वस्त असते आणि कधी कधी तेवढ्यानेच भागते. पण तार बदलण्यापूर्वीही छायाचित्रे आणि कागदपत्रे दुसऱ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत. मरणाऱ्या डिस्कवर पुन्हा कार्यप्रणाली बसविणे म्हणजे तिच्यावर सर्वांत जड काम लादणे होय. नेमक्या याच क्षणी अनेक घरांतील दहा-दहा वर्षांची छायाचित्रे गेली आहेत, आणि दोष मात्र लिनक्सच्या नावावर जमा झाला आहे.

इंटरनेट बंद म्हणजे नेमके काय बंद?

‘नेट चालत नाही’ या तीन शब्दांत किमान पाच वेगवेगळे बिघाड दडलेले असतात. ते क्रमाने तपासले तर दहा मिनिटांत ठिकाण सापडते.

सुरुवात संगणकाच्या मागे वाकून पाहण्याने करावी. तार जेथे खोचली जाते, तेथे लहान दिवा असतो. तो विझलेला असेल तर पुढचे काहीही पाहण्यात अर्थ नाही. तार, तिचे टोक किंवा राउटरचे ते छिद्र, यांपैकी काहीतरी गेले आहे. दिवा लागतो, पण वेग संशयास्पद रीतीने शंभर मेगाबिटवरच अडतो, असेही होते. नेटवर्कच्या तारेत आठ बारीक तारांच्या चार जोड्या असतात. शंभरच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, हजाराच्या वेगाला चारही लागतात. टोक बसविताना एक तार जरी नीट दाबली गेली नाही, तरी यंत्र निमूटपणे कमी वेगावर उतरते आणि ग्राहक सेवा पुरवठादाराशी भांडत राहतो.

दिवा ठीक असेल तर राउटरकडून संगणकाला पत्ता मिळाला का, हे पाहावे. ‘आयपी ए’ ही आज्ञा तो दाखविते. घरांत तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. पत्ता मिळाला नसेल तर नेटवर्कचे चिन्ह फिरत राहते आणि शेवटी जोडणी तुटल्याचा संदेश येतो. अशा वेळी राउटर बंद करून पुन्हा सुरू करणे हा घरगुती उपाय खरोखरच शास्त्रशुद्ध आहे. पत्ता मिळाला असेल, तर ‘पिंग’ या आज्ञेने आधी राउटरला हाक मारावी. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. तेथून उत्तर आले म्हणजे घरातला मार्ग निर्वेध आहे. मग बाहेरच्या एखाद्या ठाऊक पत्त्याला, उदाहरणार्थ गुगलच्या ८.८.८.८ ला हाक मारावी. राउटर उत्तर देतो, पण बाहेरून उत्तर येत नाही, असे असेल तर बिघाड घराबाहेर आहे आणि तक्रार नोंदविण्यास हरकत नाही.

आता खरी मौज. ८.८.८.८ कडून उत्तर येते, पण कोणतेही संकेतस्थळ नावाने उघडत नाही. याचा अर्थ तार, राउटर, पुरवठादार सारे ठीक आहे. बिघडली आहे ती नावाचे आकड्यांत रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था. टपाल खाते सुरू आहे, पण पत्त्यांची वही हरवली आहे, असे म्हणता येईल. नेटवर्कच्या मांडणीत डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिले की बहुधा काम भागते. हा बिघाड वाटतो त्याहून सामान्य आहे, आणि फॉरमॅटने तो कधीही जात नाही.

काही जुन्या जोडण्यांत वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये न ठेवता विंडोजमध्येच भरलेले असतात. विंडोज पुसले की तेही जातात. असे कनेक्शन असल्यास ही माहिती आधीच वहीत उतरवून घ्यावी आणि लिनक्समध्ये ‘पीपीपीओई’ प्रकारची नवी जोडणी तयार करून तेथे भरावी.

वाय-फायचे दुखणे मात्र खरोखर लिनक्सचे असू शकते. डेस्कटॉपला वाय-फाय बहुधा यूएसबीच्या इवल्याशा डोंगलमधून मिळते, आणि डोंगलच्या खोक्यावर कोणते नाव छापले आहे याला फारसे महत्त्व नसते. आतील चिप कोणाची, हे महत्त्वाचे. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा यूएसबीवरील आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा आतील कार्डांची खरी ओळख सांगते. रियलटेकच्या काही चिपा आणि ब्रॉडकॉमची जुनी कार्डे यांचे ड्रायव्हर वेगळे बसवावे लागतात. ते उतरवून घेण्यासाठी इंटरनेट हवे आणि इंटरनेट मिळण्यासाठी ते ड्रायव्हर हवेत, अशी ही कोंडी आहे. तिच्यावर सोपा तोडगा म्हणजे अँड्रॉइड फोन यूएसबीच्या तारेने संगणकाला जोडावा आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्याला साधी तारेची जोडणी समजते आणि काहीही न बसविता इंटरनेट सुरू होते. मग ड्रायव्हर व्यवस्थापक उघडून हवे ते बसवावे.

शेजारच्यांची नावे दिसतात, पण आपलेच नेटवर्क दिसत नाही, अशी तक्रार असल्यास राउटर केवळ पाच गिगाहर्ट्झवर प्रक्षेपण करीत नाही ना, हे पाहावे. जुनी कार्डे आणि स्वस्त डोंगल २.४ गिगाहर्ट्झच ऐकतात.

कुलूप तोडू नका

सॉफ्टवेअरच्या बाबतीत विंडोजमधून आलेल्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो कोणत्या तरी संकेतस्थळावरून फाईल उतरवितो आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारतो. लिनक्समध्ये सॉफ्टवेअर आवृत्तीच्या अधिकृत भांडारातून घ्यावे लागते. त्यासाठी सॉफ्टवेअर व्यवस्थापक आहे, आणि टर्मिनलमधून ‘एपीटी’ ही आज्ञा आहे. भांडाराबाहेरचे, भलत्याच आवृत्तीसाठी बनविलेले पॅकेज बळेच बसविल्याने होणारा गुंता हा घरगुती लिनक्सवरील सर्वांत किचकट गुंता असतो, आणि तो बहुधा स्वहस्ते ओढवून घेतलेला असतो.

‘कुलूप मिळविता आले नाही’ अशा अर्थाचा संदेश नवख्यांना हमखास भेटतो. त्याचा अर्थ एवढाच, की यंत्र मागील बाजूस स्वतःहून सुरक्षा दुरुस्त्या बसवीत आहे आणि दोघांनी एकाच वेळी हात घालू नये म्हणून कुलूप आहे. थोडा वेळ थांबावे. कुलपाची फाईल पुसून टाका, असा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो. तो चुकीचा आहे. काम चालू असताना कुलूप तोडल्यास अर्धवट बसलेली पॅकेजे मागे राहतात. वीज गेल्याने खरोखरच काम अर्धवट राहिले असेल, तर ‘डीपीकेजी’ या आज्ञेला ‘कॉन्फिगर’ हा पर्याय देऊन राहिलेले काम पूर्ण करून घेता येते.

पासवर्ड बरोबर असूनही प्रवेशाचाच पडदा पुन्हा पुन्हा येणे हे आणखी एक कोडे. अशा वेळी डिस्क काठोकाठ भरली नाही ना, हे पाहावे. आत शिरताना लिनक्सला काही लहान फायली लिहाव्या लागतात, जागाच नसेल तर ते मुकाट्याने परत पाठविते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ या कळा एकत्र दाबल्यास केवळ अक्षरांचा पडदा येतो. तेथे प्रवेश करून ‘डीएफ’ आज्ञेने मोकळी जागा तपासता येते. लिनक्स मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ नावाची सोय आहे. ती कार्यप्रणालीचे चित्र जपून ठेवते आणि नव्या बदलाने काही बिघडल्यास कालच्या स्थितीला परत नेते. ती पहिल्याच दिवशी सुरू करावी. फक्त एक लक्षात ठेवावे : ती नेहमीच्या मांडणीत वैयक्तिक कागदपत्रे आणि छायाचित्रे जपत नाही. त्यांची प्रत वेगळीच घ्यावी लागते.

आवाज येत नसल्यास निम्म्या वेळा तो मॉनिटरकडे गेलेला असतो. एचडीएमआय तारेतून आवाजही जातो आणि लिनक्स कधी कधी तोच मार्ग निवडते. आवाजाच्या मांडणीत स्पीकर निवडले की झाले.

प्रिंटरचे हट्ट

भारतीय घरांत आणि लहान कार्यालयांत दोन लेझर प्रिंटरांनी अनेक वर्षे राज्य केले : एचपीचा लेझरजेट १०२० आणि कॅननचा एलबीपी २९००. लिनक्सवर या दोघांची तऱ्हा अगदी वेगळी आहे. १०२० च्या पोटात स्वतःचे कायमचे फर्मवेअर नसते. प्रत्येक वेळी सुरू झाल्यावर ते संगणकाकडून मागून घेतो. एचपीचे ‘एचपीलिप’ हे पॅकेज आणि त्याचे जोड-पॅकेज एकदा बसविले की तो वर्षानुवर्षे विनातक्रार चालतो. ते जोड-पॅकेज नसेल तर प्रिंटर यादीत दिसतो, काम स्वीकारतो आणि कागद मात्र हलत नाही. त्यामुळे प्रिंटर बिघडला, असा समज होतो.

कॅननचा २९०० ‘कॅप्ट’ नावाची कंपनीची स्वतःचीच भाषा बोलतो. त्यासाठीचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो, पण तो बसविणे नवख्याचे काम नव्हे. ज्यांचे रोजचे काम या प्रिंटरवर अवलंबून आहे, त्यांनी घाई न करता आधी लाइव्ह पेन ड्राइव्हवर प्रयोग करावा, किंवा तो प्रिंटर एखाद्या विंडोज यंत्रालाच ठेवावा. नव्या पिढीचे, नेटवर्कवरून ड्रायव्हरविना चालणारे प्रिंटर मात्र लिनक्सला बहुधा आपोआप सापडतात.

येथेच एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनी मुख्य संगणकावरील विंडोज काढू नये. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी साधनावर ज्यांची विवरणपत्रे अवलंबून आहेत, अशा सनदी लेखापालांनी आणि वकिलांनीही आधी त्या साधनाचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का आणि संबंधित संकेतस्थळ तो स्वीकारते का, हे तपासावे. सर्वांनी लिनक्सकडे वळावे, हा आग्रह भाबडेपणाचा आहे.

मराठीची बाजू

मराठी लिहिण्याच्या बाबतीत लिनक्सची परिस्थिती वाटते त्याहून चांगली आहे. ‘आयबस’ ही यंत्रणा आणि तिचे ‘एम-सतरा-एन’ हे जोड-पॅकेज बसविले की इन्स्क्रिप्ट, उच्चारानुसारी आणि टंकलेखन यंत्राच्या धर्तीचे असे मराठीचे अनेक कळफलक उपलब्ध होतात. इन्स्क्रिप्ट हा १९९१ च्या भारतीय मानकातील कळफलक. तो एकदा बोटांत बसला की कोणत्याही कार्यप्रणालीवर शोधाशोध करावी लागत नाही. ‘लोहित’ आणि ‘नोटो’ हे मुक्त टंक जोडाक्षरे व्यवस्थित दाखवितात. विंडोजमधील ‘मंगल’ लिनक्समध्ये नसतो, त्यामुळे जुनी फाईल लिबरऑफिसमध्ये उघडल्यावर दुसरा टंक येतो आणि ओळी थोड्या पुढेमागे सरकतात. मजकूर मात्र शाबूत असतो.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या टंकांत लिहिलेल्या मजकुराचे तसे नाही. कथासंग्रहाची हस्तलिखिते, व्याख्यानांची टिपणे, संस्थांची इतिवृत्ते असे २००० च्या दशकातील कितीतरी मराठी लेखन या टंकांत अडकले आहे. लिनक्समध्ये अशी फाईल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांगोळी दिसते, आणि फाईल खराब झाली असे वाटून ती पुसली जाते. वस्तुतः त्या फायलीत देवनागरी कधीच नव्हती. त्यात रोमन अक्षरांचेच संकेतांक आहेत आणि टंक त्या जागी देवनागरीचे आकार रंगवीत होता. टंक गेला की सोंग उतरते. तो टंक नसलेल्या नव्याकोऱ्या विंडोज यंत्रावरही हेच घडेल.

यावर उपाय आहे आणि तो फार कठीण नाही. अशा टंकांतील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी परिवर्तके मिळतात. ती वापरण्यास योग्य वेळ मात्र जुने विंडोज आणि तो जुना टंक दोन्ही अजून यंत्रावर असतानाची आहे, कारण बदललेला मजकूर मूळ मजकुराशी ताडून पाहता येतो. रफार, ‘ऱ्य’सारखी जोडाक्षरे आणि मराठी आकडे या ठिकाणी परिवर्तक चुकतो, तेव्हा ती स्थळे डोळ्यांखालून घालावीत. प्रत्येक फाईल युनिकोडमध्ये आणि शिवाय छापील पानाप्रमाणे दिसणाऱ्या पीडीएफमध्ये, अशी दोनदा जतन करावी, पेन ड्राइव्हवर उतरवावी, तो पेन ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा, आणि त्यानंतरच लिनक्सच्या इन्स्टॉलरमधील ‘संपूर्ण डिस्क पुसा’ या पर्यायावर टिचकी मारावी.